पाठाची तयारी आणि भाषेची तयारी

२०२१ च्या शरद सत्रात अमेरिकेतल्या पब्लिक स्कूल्समध्ये ‘इंग्रजी शिकत असलेली मुले’ म्हणून नोंदलेले विद्यार्थी सुमारे ५३ लाख होते. म्हणजे दर दहा मुलांमागे एकाहून थोडे अधिक. त्यांतली जवळजवळ तीन-चतुर्थांश मुले स्पॅनिश बोलणाऱ्या घरांतली. मराठी घरांतली मुले ह्या आकड्यात चिमूटभर मिठाएवढी. मग मंडळाच्या अंकात हा विषय कशासाठी, असे वाचक विचारतील.

कारणे दोन. पहिले उघड आहे. भारतातून थेट तिसरी-चौथीत येऊन बसणारी मुले आपल्या प्रत्येक गावात दरवर्षी असतात, आणि त्यांच्यापुढे उभ्या असलेल्या शिक्षिकेला काय शिकवलेले असते हे आपण कधी विचारत नाही. दुसरे कारण असे की, आता ती शिक्षिका आपल्यातलीच असण्याचा संभव वाढला आहे. नवऱ्याच्या नोकरीबरोबर इथे आलेल्या, तिकडच्या बी.एस्सी., एम.ए. पदव्या पेटीत ठेवून वर्षानुवर्षे घरी बसलेल्या कितीतरी भगिनी शाळेत मदतनीस म्हणून शिरतात आणि पुढे ईएसएलचा, म्हणजे दुसरी भाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचा, परवाना घ्यायचे मनावर घेतात. आमच्या सौ. त्यांतल्याच एक. त्यांची क्रमिक पुस्तके गेले वर्षभर आमच्या जेवणाच्या टेबलावर आहेत, आणि दिसेल ते वाचण्याची खोड असल्यामुळे मीही ती वाचली.

मी शिक्षणशास्त्रज्ञ नव्हे. डॉक्टरेट इंजिनियरिंगमधली आणि पोट सॉफ्टवेअरवर. त्यामुळे ह्या पुस्तकांना माझे प्रश्न इंजिनियरचेच होते. ही योजना काय गृहीत धरते? ती फसली तर ते कशावरून कळेल? आणि बिघाड नेमका कुठे आहे हे शोधायचे साधन ती कामगाराच्या हाती देते का? एवढ्या तीन प्रश्नांच्या आधारे ह्या तयारीतली तीन महत्त्वाची पुस्तके तपासावी, असा ह्या लेखाचा हेतू आहे.

कायद्याची फूटपट्टी

हे प्रश्न केवळ माझ्या धंद्याचे नाहीत. अमेरिकन कायदाही तेच विचारतो. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांच्या ‘लाऊ विरुद्ध निकोल्स’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली सांगितले की, ज्या मुलाला भाषा कळत नाही त्याला इतरांसारखेच पुस्तक, तोच वर्ग आणि तोच मास्तर दिला म्हणून समान वागणूक दिली असे होत नाही. पण मग काय दिले म्हणजे पुरे? त्याचे उत्तर १९८१ मध्ये टेक्सासमधल्या ‘कास्टान्येडा विरुद्ध पिकार्ड’ खटल्यात मिळाले. अपील न्यायालयाने तीन कसोट्या ठरवल्या. कार्यक्रम कुठल्यातरी मान्य शैक्षणिक सिद्धान्तावर उभा हवा. तो राबवायला पुरेशी माणसे आणि साधने हवीत. आणि काही काळाने मुलांच्या प्रगतीत फळ दिसत नसेल, तर तो बदलला पाहिजे.

दुसऱ्या कसोटीचा प्रत्यय मी राहतो त्या मॅसॅच्युसेट्स राज्यालाच आला. २००२ साली इथल्या मतदारांनी द्विभाषिक वर्ग जवळजवळ बंद करून बहुतेक मुलांना सरळ इंग्रजी वर्गांत आणले. पण त्या वर्गांतल्या गणित-विज्ञानाच्या शिक्षकांना ह्या मुलांना कसे शिकवायचे ह्याचे पुरेसे शिक्षण दिले नव्हते, असे केंद्रीय न्याय खात्याने २०११ मध्ये बजावले. तेव्हा २०१२ पासून राज्याने विषयशिक्षकांवर ह्या प्रशिक्षणाची सक्ती केली. २०१७ च्या कायद्याने द्विभाषिक वर्गांचा मार्ग पुन्हा मोकळा झाला, पण शिक्षकांच्या प्रशिक्षणाची अट राहिली. सारांश, शिक्षकाची तयारी हा सौजन्याचा भाग नसून मुलाच्या हक्काचा भाग आहे. म्हणूनच त्या तयारीची पुस्तके कडक नजरेने वाचली पाहिजेत.

क्रॅशनचे औदार्य आणि त्याची पळवाट

पहिले पुस्तक स्टीफन क्रॅशन ह्यांचे, १९८२ सालचे. भाषा ‘शिकणे’ आणि भाषा ‘अंगवळणी पडणे’ ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुलाला आज जे समजते त्याच्या एकच पायरी वरचे, पण समजेल असे बोलणे सतत कानावर पडले की भाषा आपोआप येते. आणि मनात भीती असली तर कानावर पडलेले आत शिरत नाही. पुस्तकाचा गाभा एवढाच, आणि तयारीच्या प्रत्येक अभ्यासक्रमात तो पहिल्या महिन्यातच येतो.

आपल्या पिढीला ह्यातले मर्म पटकन कळते. मराठी माध्यमाच्या शाळेत आम्ही पाचवीत एबीसीडी गिरवली आणि तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेची ख्याती वडिलांच्या तोंडून ऐकली. ‘गो, वेंट, गॉन’ झोपेतही म्हणता येत होते. तरी विमानतळावरच्या अधिकाऱ्याने साधे दोन प्रश्न विचारले की तोंडाला कुलूप लागायचे. नियम येत होता, भाषा येत नव्हती. क्रॅशनने हा फरक ठसवला, वर्गातली भीती घालवली, गोष्टी आणि भरपूर वाचन आणले. त्याबद्दल त्यांचे ऋण मानलेच पाहिजे.

पण इंजिनियरला इथे एक गोष्ट खटकते. मुलाची आजची पायरी मोजायची कशी आणि ‘एक पायरी वर’ म्हणजे नेमके काय, हे पुस्तक सांगत नाही. मूल शिकले तर बोलणे योग्य पायरीचे होते. नाही शिकले तर पायरी चुकली असेल किंवा मनात भीती असेल. कुठल्याही निकालाने जो सिद्धान्त खरा ठरतो, त्याने बिघाड शोधता येत नाही. हा आक्षेप माझा नाही. बॅरी मॅक्लॉक्लिन, केव्हिन ग्रेग ह्या अभ्यासकांनी तो पूर्वीच घेतला आहे.

त्याहून वजनदार पुरावा कॅनडातून आला. तिथे इंग्रजी घरांतली मुले सगळे विषय फ्रेंचमधून शिकत होती. वर्षानुवर्षे समजेल अशी फ्रेंच ऐकून त्यांची समज उत्तम झाली, पण बोलण्यालिहिण्यातले व्याकरण मागेच राहिले. त्यावरून मेरिल स्वेन ह्यांनी १९८५ मध्ये मांडले की, नुसते ऐकणे पुरत नाही. स्वतः बोलावे-लिहावे लागते, अडावे लागते, तेव्हाच आपल्याला काय येत नाही ते मुलाला कळते. आपल्याकडे पोहणे काठावरून येत नाही म्हणतात, त्यातलाच हा प्रकार.

तीस कलमांची यादी

दुसरे पुस्तक वर्गात सर्वाधिक वापरले जाणारे. याना एचेवरिया, मेरीएलन व्होट आणि डेबोरा शॉर्ट ह्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेला ‘सायॉप’ नमुना. विषय शिकवता शिकवताच भाषाही कशी शिकवावी ह्याचे हे हस्तपुस्तक. त्यात आठ भाग आणि तीस कलमे आहेत. पाठाची दोन उद्दिष्टे फळ्यावर लिहावीत, एक विषयाचे आणि एक भाषेचे. मुलांना आधी माहीत असलेल्याशी नवे जोडावे. सावकाश, स्पष्ट, चित्रे दाखवून बोलावे. मुलांना एकमेकांशी बोलायला लावावे. उत्तर द्यायला पुरेसा वेळ द्यावा. शेवटी उजळणी करावी. प्रत्येक कलमाला शून्य ते चार गुण.

नवख्या शिक्षिकेला ह्या पुस्तकाचा आधार किती मोठा आहे हे मी घरात पाहतो. रविवारी रात्री दुसऱ्या दिवशीचा पाठ आखायला बसल्यावर हातात काहीतरी ठोस असते. भाषेचे उद्दिष्ट वेगळे लिहायला लावणे ही तर मोठी गोष्ट. त्यामुळे विज्ञानाच्या शिक्षकालाही विचार करावा लागतो की आज मुलांना ‘तुलना करणे’ इंग्रजीत करता यायला हवे, नुसते बेडकाचे जीवनचक्र नव्हे.

आता दोष. ही यादी मुळात संशोधकांनी वर्गात बसून पाठ कसा झाला हे मोजण्यासाठी बनवलेली होती. पुढे तीच पाठ आखण्याचा साचा झाली. आमच्या धंद्यात हे रोज घडते. दुसऱ्याचा प्रोग्रॅम तपासायची एक यादी असते: नावे नीट दिली आहेत का, टिपा लिहिल्या आहेत का, रचना सुबक आहे का. सगळ्या कलमांवर खूण करता येते आणि तरी प्रोग्रॅम चुकीचे उत्तर देतो. यादी सांगते की काम झाले; मुलाचे अडले कुठे हे सांगत नाही. तिसऱ्या कसोटीवरही हे पुस्तक कमी पडते. कर्त्यांनी स्वतःचे अभ्यास प्रसिद्ध केले आहेत हे खरे, पण केंद्रीय शिक्षण खात्याच्या ‘व्हॉट वर्क्स क्लिअरिंगहाऊस’ने २०१३ मध्ये आढावा घेतला, तेव्हा तोवरचा एकही अभ्यास त्यांच्या पुराव्याच्या निकषांत बसला नाही. ह्याचा अर्थ पद्धत निरुपयोगी असा नव्हे. इतक्या शाळांनी इतक्या खात्रीने ती स्वीकारावी एवढा पुरावा हाती नव्हता, असा आहे.

पण माझा मुख्य आक्षेप वेगळाच आहे. भाषेचे उद्दिष्ट लिहा, असे सायॉप सांगतो. ते लिहिण्यासाठी शिक्षिकेला भाषेविषयी जे ठाऊक असायला हवे, ते तो शिकवत नाही. परिणामी बहुतेक पाठांत ‘भाषेचे उद्दिष्ट’ म्हणजे पाचसहा कठीण शब्दांची यादी होते. बाष्पीभवन, संघनन, वृष्टी. मुलाला शब्द पाठ होतात, पण ‘पाणी तापले की त्याची वाफ होते’ हे इंग्रजीत कारण आणि परिणाम जोडून सांगता येत नाही. भाषा शब्दांत जेवढी असते, त्याहून अधिक जोडण्यांत असते.

तिसरे, आणि सर्वांत कमी वाचले जाणारे

ही उणीव लिली वाँग फिल्मोर आणि कॅथरीन स्नो ह्यांनी २००० सालीच ओळखली होती. ‘शिक्षकांना भाषेविषयी काय माहीत असायला हवे’ हा त्यांचा निबंध पुढे २००२ मध्ये त्याच नावाच्या पुस्तकात आला, आणि २०१८ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली. त्यांचे म्हणणे सरळ आहे. शिक्षक दिवसभर भाषेनेच काम करतो आणि मुलाच्या भाषेवरून त्याची पारख करतो; मग भाषा चालते कशी हे त्याला कळायला नको का? इंग्रजी स्पेलिंग इतके वाकडे का, अनियमित रूपे कुठून येतात, पुस्तकी इंग्रजी बोलण्यातल्या इंग्रजीपेक्षा कशी वेगळी, चूक आणि बोलीतला फरक ह्यांत भेद काय, असे प्रश्न त्यांनी मांडले आहेत. माझ्या मते तयारीची सुरुवात ह्या पुस्तकाने व्हावी. प्रत्यक्षात ते पुरवणी वाचन म्हणून शेवटी येते.

दोष ह्यांच्यातही आहे. त्यांनी सुचवलेले विषय एकत्र केले तर भाषाशास्त्राची अर्धी पदवी होते. सगळ्या गरजा लिहिल्या, वेळापत्रक मात्र लिहिले नाही, अशी ही योजना. दिवसा शाळा, रात्री वर्ग आणि घरी दोन मुले असलेल्या बाईने आधी काय शिकावे, हा क्रम त्यांनी लावून दिला नाही. तो आपणच लावला पाहिजे.

मराठी मुलाचे उदाहरण

असे ज्ञान वर्गात कुठे उपयोगी पडते, ते मराठी मुलावरूनच पाहू.

मराठी मूल ‘पिन’ म्हणते आणि अमेरिकन बाईंना ते ‘बिन’ ऐकू येते. इंग्रजीत शब्दाच्या आरंभी येणाऱ्या प, ट, क मध्ये श्वासाचा झोत असतो, आपल्या ठ, ख मध्ये असतो तसा. आपल्या साध्या ‘प’मध्ये तो नसतो. हे एक वाक्य माहीत असलेली शिक्षिका तळहात तोंडासमोर धरायला सांगून दोन मिनिटांत फरक दाखवते. ज्यांना माहीत नसते त्या ‘पुन्हा म्हण, मोठ्याने म्हण’ एवढेच सांगत राहतात, किंवा मुलाला कानाच्या डॉक्टरकडे पाठवतात.

‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’ आपल्याला एकच, कारण आपला ‘व’ एकच. ‘अ’ आणि ‘द’ ही उपपदे मराठीत नाहीत, त्यामुळे आपले मूल ती गाळते किंवा नको तिथे घालते. आपल्याला ‘बसमध्ये’ आणि ‘मोटारीत’ सारखेच; इंग्रजीत मात्र माणूस ‘ऑन द बस’ असतो आणि ‘इन द कार’. प्रश्न विचारताना मराठी शब्दक्रम उलटत नाही, म्हणून ‘व्हेअर यू आर गोइंग?’ येते. उलट ‘ही’ आणि ‘शी’ मध्ये आपले मूल सहसा अडत नाही, कारण तो, ती, ते आपल्याकडे पक्के आहेत. शेजारच्या बाकावरचे चिनी मूल मात्र तिथेच घोटाळते, कारण बोली मँडरिनमध्ये दोघांना एकच उच्चार आहे. स्पॅनिश मूल ‘स्कूल’च्या आधी ‘ए’ लावते आणि ‘इट’ गाळून ‘इज रेनिंग’ म्हणते. एकाच वर्गात तीन मुले, तीन वेगळ्या अडचणी; आणि सायॉपची तीस कलमे तिघांना एकच.

ह्यावर कुणी म्हणेल, हे सगळे १९५० च्या दशकातले रॉबर्ट लाडो ह्यांचे जुने शास्त्र झाले. आक्षेप रास्त आहे. १९७० च्या दशकात डुले आणि बर्ट ह्यांनी दाखवले की, मुलांच्या पुष्कळशा चुका मातृभाषेमुळे नसतात. वेगवेगळ्या घरांतली मुले त्याच चुका त्याच टप्प्यावर करतात. ‘शी रन्स’ मधला ‘स’ जवळजवळ सगळीच मुले गाळतात. पण म्हणूनच तर शिक्षिकेला दोन्ही माहीत हवे. जी चूक वाढत्या वयातल्या दुधाच्या दातासारखी आपोआप जाणार, तिच्यामागे लाल पेन घेऊन धावू नये. जी मातृभाषेच्या सवयीतून आली आणि मुरू पाहते, ती वेळेवर दाखवून द्यावी. हा निवाडा करता येणे म्हणजेच तयारी.

घराचा वाटा

आता थोडे आपल्याविषयी. टोरोंटोतले जिम कमिन्स ह्यांनी १९७९ मध्ये खेळाच्या मैदानावरची भाषा आणि पुस्तकातली भाषा असा भेद केला. पहिली साधारण दोन वर्षांत येते; दुसरी वर्गातल्या इतर मुलांच्या बरोबरीला यायला पाच ते सात वर्षे लागतात. मूल टीव्हीसारखे फाडफाड बोलू लागले की आईवडिलांना वाटते, झाले. तिथे अर्धाही रस्ता झालेला नसतो.

कमिन्स ह्यांचे दुसरे म्हणणे आपल्या अधिक कामाचे आहे. एका भाषेत पक्की झालेली कल्पना दुसऱ्या भाषेत पुन्हा शिकावी लागत नाही, फक्त तिचे नवे नाव शिकावे लागते. ‘किंमत पाच डॉलरने वाढली’ आणि ‘किंमत पाच डॉलरपर्यंत वाढली’ ह्यांतला फरक ज्या मुलाला मराठीत कळतो, त्याला इंग्रजी गणितातले ‘बाय’ आणि ‘टू’ समजावायला एक मिनिट लागते. आजीकडून पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच शिकलेले मूल अपूर्णांकांच्या वर्गात रिकाम्या हाताने येत नाही. पाऊण म्हणजे एकाला पाव कमी, हे त्याला ठाऊक असते.

आणि आपण काय करतो? ‘आता घरात फक्त इंग्रजी बोलायचे’ असा फतवा काढतो. आपल्या मोडक्या उपपदांचे इंग्रजी मुलाला देतो आणि आपले अस्खलित मराठी काढून घेतो. वाँग फिल्मोर ह्यांनी १९९१ मध्येच इशारा दिला होता की, लहान मुलांची घरची भाषा गेली की आईवडील आणि मुले ह्यांतले बोलणेच आटते. शाळेच्या घरभाषा-फॉर्मवर ‘इंग्रजी’ लिहिण्याची युक्तीही आपल्यात फार बोकाळली आहे. मुलावर शिक्का बसू नये म्हणून हे करतात. पण त्या फॉर्मवरूनच पुढची चाचणी ठरते. मुलाला मदत हवी की नको हे कळण्याचा रस्ताच आपण बंद करतो. मदत नको असेल तर ती नाकारण्याचा हक्क पालकांना कायद्याने आहे. त्यासाठी खोटे लिहायची गरज नाही.

निवाडा

तर तीन पुस्तकांचा हिशेब असा. क्रॅशन वर्गाचे हवामान सुधारतो. ते एकदा वाचून मनात ठेवावे. सायॉप पाठ आखायला शिकवतो. तो टेबलावर ठेवावा, पण त्याच्या गुणांना मुलाची प्रगती समजू नये. वाँग फिल्मोर आणि स्नो भाषेकडे पाहायला शिकवतात. त्यांचे पुस्तक सर्वांत आधी घ्यावे.

आणि आपल्यातल्या ज्या भगिनी ह्या वाटेवर आहेत, त्यांना एक सांगावेसे वाटते. मुलाखतीत आपल्या उच्चारांची लाज वाटते, असे पुष्कळजणी म्हणतात. पण इंग्रजी बाहेरून, कर्ता-कर्म-क्रियापद मोडून शिकल्यामुळे जे तुम्हांला दिसते, ते जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्या सहकाऱ्याला सहसा दिसत नाही, कारण तिला ते कधी शिकावेच लागले नाही. ‘द’ कुठे लावायचा हे तिला येते. का लावायचा हे तुम्ही सांगू शकता. ह्या भांडवलाला इंग्रजी ध्वनींचा एक नीट अभ्यासक्रम जोडा. शिवाय प्रत्येक सत्रात वेगवेगळ्या मातृभाषांची तीन मुले निवडून त्यांच्या चुकांची तारीखवार वही ठेवा. कुठली चूक आपोआप गेली, कुठली शिकवल्यावर गेली आणि कुठली तशीच राहिली, हे त्या वहीतून कळेल. कास्टान्येडाची तिसरी कसोटी ह्याहून वेगळे काही मागत नाही, आणि तीस कलमांच्या यादीत तिच्यासाठी रकाना नाही.